गोळी आणि चहा यांच्यामधला तास

“मॅडम, तुमचा मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून तुम्ही नर्स झालात का?”

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, माईकही माझ्याच हातात होता, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, श्रिया आणि शर्वाणीचा होता. करिअर डेला अख्ख्या अकरावीसमोर हे विचारून दाखव, आठवडाभर शावरमा आमच्याकडून, अशी पैज. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायच्या आधी वाक्य मनात तीनदा घोकायचे. मग एप्रिलमध्ये डिबेट जिंकले आणि आत कुठलं तरी बटण दाबलं गेलं. आता माईक दिसला की माझे पाय आपोआप तिकडे चालायला लागतात.

काउन्सेलर मॅडमचा चेहरा असा, की मला आत्ताच शारजाला घरी परत पाठवतील. पण स्टेजवरच्या बाई हसल्या. शुभ्रा मॅडम त्यांचं नाव, मिरजेच्या, दुबईच्या करामा भागातल्या एका क्लिनिकमध्ये नर्स प्रॅक्टिशनर. बीपी, शुगर, थायरॉइड अशा रोजच्या आजारांची औषधं त्या डॉक्टरांच्या बरोबरीने लिहून देतात आणि मग त्या औषधांवर लक्ष ठेवतात, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. “लिहून देणं पाच मिनिटांचं काम आहे,” त्या म्हणाल्या होत्या, “खरी नोकरी त्यानंतर सुरू होते.”

“उत्तर देईन,” त्या म्हणाल्या. “पण आधी तू दे. तुमच्या घरात रोज गोळी कोण घेतं?”

“माझी आई. थायरॉइडची.”

“छान. ती गोळी काम करतेय, हे तुला कशावरून कळतं?”

मी डिबेट चॅम्पियन. माईक या हातातून त्या हातात घेतला.

“बरं, ती कमी पडत असेल किंवा जास्त होत असेल, तर ते कशावरून कळेल?”

“डॉक्टर सांगतात ना,” मी म्हणाले.

“डॉक्टर आईला वर्षातून किती वेळा बघतात?”

“तीनदा. चारदा.”

“आणि तू?”

सगळे हसले. श्रिया तर बाकावर डोकं आपटून हसत होती. मीही हसले, वाकून नमस्कारबिमस्कार करून खाली बसले. शावरमा मिळाला. पण ते ‘आणि तू?’ काही घशाखाली उतरेना.

पत्त्यात आमचं घर शारजात आहे. खरं सांगायचं तर शारजात आम्ही झोपतो. राहतो गाडीत. सकाळी अंधारातच निघायचं, नाहीतर दुबईच्या रस्त्यावर ब्रेकलाइटची लाल माळ लागते आणि मग खलास. बाबा गाडी चालवतो, शेजारी आई, मागे मी आणि माझी बॅग. मला दुबईत कुसैसला शाळेपाशी सोडायचं आणि दोघांनी पुढे देराला जायचं. आई तिथे एका शिपिंग ऑफिसमध्ये कागदपत्रं बघते, बाबा शेजारच्या गल्लीत ट्रेडिंग कंपनीत.

आईची गोळीही या गाडीतच असते. ही बाबाची आयडिया, आणि तिचा त्याला भयंकर अभिमान. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर तासभर चहासुद्धा नाही, असा नियम. घरी डबे भरण्याच्या गडबडीत आईला गोळी आठवायचीच नाही, आणि आठवायची तेव्हा हातातला चहाचा कप निम्मा झालेला असायचा. मग बाबाने डबी उचलून डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिली. बेल्ट लावला की खण उघडायचा, गोळी, वर दोन घोट पाणी. शाळेच्या गेटपाशी पोचेपर्यंत तास झालेला असतो. मग थर्मास. “शारजाच्या जॅमचा जगात एकच फायदा,” बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतो, “शोभनाच्या गोळीत आणि चहात बरोब्बर एक तास पडतो!”

आणि तो तास आईचा असायचा. ती शेजारच्या गाड्या वाचायची. “हा बघ, टाय गाडीत बांधतोय. बायको माहेरी गेलीय.” “ती बघ, आरशात बघून काय पुटपुटतेय. आज पगारवाढ मागणार, आणि मिळणार नाही.” बाबा म्हणायचा, मिळेल. आई म्हणायची, अशी मान खाली घालून मागितली तर कसली मिळतेय. एकदा एक ट्रकवाला पठाण दाढी विंचरत होता, तर आईने त्याचं अख्खं लग्न लावून दिलं, आहेरासकट.

ते नक्की कधी थांबलं, मला सांगता येणार नाही. ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू झाली तेव्हा ती बेल्ट लावायची, गोळी घ्यायची आणि डोळे मिटायची. बाहेर उकळतंय आणि ही अंगाभोवती शाल ओढून एसीचा झोत बाबाकडे वळवणार. चेहरा सुजल्यासारखा. बाथरूमच्या जाळीत तिचे केस. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी कमी पडतेय म्हणाले, डोस वाढवला. पुन्हा तपासलं, पुन्हा वाढवला. रोज घेता ना? रोज. रिकाम्या पोटी? हो, आणि चहा तासाने. डॉक्टर म्हणाले, व्हेरी गुड.

व्हेरी गुड, पण आई तशीच. मग घरात हळूहळू एक दुसरंच निदान तयार झालं. शोभनाला इथे करमत नाही. आधी मामी फोनवर म्हणाली, मग बाबा म्हणाला, मग एक दिवस आई स्वतःच म्हणाली, जसं काही दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. दिवाळीत बाल्कनीत आकाशकंदील लावताना बाबाने मला सांगितलं, “आई नोकरी सोडतेय. साताऱ्याला मामाकडे राहील. माणसांत राहिली की बरं वाटेल. तुझी बारावी झाली की मग बघू.” तिकीट डिसेंबरच्या पहिल्या रविवारचं.

“ओके, इफ दॅट्स बेस्ट फॉर हर,” मी म्हणाले. जड गोष्टी मी इंग्रजीत बोलते. मग त्या माझ्या वाटत नाहीत.

शाळेत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, कारण तिथे सगळ्यात मोठा आवाज माझा. पण दुपारी स्कूलबसमधून उतरून मी फ्लॅटचं दार उघडते तेव्हा आत फक्त फ्रिज घरघरत असतो. मी मोठ्याने ओरडते, “आले!” कुणाला? फ्रिजला. आई-बाबा जॅममधून येईपर्यंत बाहेर दिवे लागलेले असतात. ते ठीक आहे, आई येणार हे माहीत असतं ना. पण आता बारावीपर्यंत रोज असंच, आणि दिवे लागल्यावरही ती येणार नाही, हा विचार आला की मी हेडफोन लावून आवाज वाढवायचे. सकाळी गाडीत तर ते कधीपासूनच लावायचे. बाबाची नजर रस्त्यावर, आईचे डोळे मिटलेले, माझ्या कानात गाणी. एका गाडीत तिघं, आणि तिघंही एकेकटे.

करिअर डेच्या दुसऱ्या दिवशी गाडीत मी विचारलं, “आई, तुझी गोळी काम करतेय हे तुला कशावरून कळतं?”

“मला नाही कळत.” तिने डोळे उघडलेच नाहीत. “तुझ्या बाबाला कळतं. तो रोज विचारतो, घेतलीस का.”

“पर्णू, सकाळी सकाळी काय हे?” बाबा म्हणाला. “दोनदा डोस वाढवलाय ना?”

“दोनदा वाढवला आणि ही आणखीच झोपते! हे विचित्र नाही?”

“कारण आजार गोळीचा नाहीच आहे.” त्याने आवाज खाली आणला, आई झोपलीय असं समजून. “तिला माणसं हवीत गं.”

आई झोपलेली नव्हती. शालीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

“शनिवारी करामाला जायचं,” मी जाहीर केलं. “शुभ्रा मॅडमकडे. जायच्या आधी एकदा.”

“म्हणजे आणखी एक बाई माझं रक्त काढणार,” आई म्हणाली.

“काढू दे.”

“हल्ली तू फार हुकूम सोडतेस.”

“डिबेट, आई. डिबेट.”

करामात शनिवारी पार्किंग म्हणजे इन्शाल्ला, देवाच्या मनात असलं तर मिळेल. बाबा क्लिनिकच्या दारात म्हणाला, “यल्ला, उतरा तुम्ही, मी राउंड मारतो,” आणि गेला. आत शुभ्रा मॅडमनी मला बघितलं आणि टाळीच वाजवली. “अरे, मेडिकलला नंबर!”

“कसला नंबर?” आईने विचारलं. मी भिंतीवरचं गळ्याच्या ग्रंथीचं चित्र अतिशय लक्षपूर्वक बघायला लागले.

सातारा-मिरज निघालं, कुठल्या गल्लीत, कुणाकडे, ते सगळं झालं. मॅडमनी कॉम्प्युटरवर आईचे जुने रिपोर्ट बघितले. नाडी बघितली, पायावर अंगठा दाबून सूज बघितली. मला वाटलं, आता विचारणार रोज घेता का. पण त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “मला तुमची सकाळ सांगा. उठल्यापासून. घाई नाही.”

आणि आई बोलायला लागली. अलार्म, डबे, पोळ्या, मला उठवायला तीन हाका, लिफ्ट, गाडी. कितीतरी दिवसांनी ती इतकी सलग बोलत होती, एका अनोळखी बाईशी. मी ऐकत बसले. “मग बेल्ट लावते, खण उघडते, गोळी घेते...”

“कुठला खण?”

“गाडीतला. डॅशबोर्डचा.”

“बाबाची आयडिया!” मी मध्येच तोंड घातलं. “जॅममुळे चहापर्यंत बरोब्बर एक तास होतो.”

“हुशार आहेत बाबा,” मॅडम म्हणाल्या. “आणि मग डबी कुठे जाते?”

“कुठे जाणार?” आई म्हणाली. “तिथेच असते.”

“आणि गाडी दिवसभर कुठे असते?”

“आधी ह्याच्या ऑफिसच्या बेसमेंटमध्ये असायची. मे महिन्यात ऑफिस हललं. आता मागच्या वाळूच्या मैदानात लावतो. फुकट आहे ना.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आणि मला लिप बाम आठवला. सप्टेंबरमध्ये माझा स्ट्रॉबेरी लिप बाम त्याच खणात वितळून सूप झाला होता. आम्ही हसलो होतो. त्या गुलाबी सूपमधून आईची डबी मी दोन बोटांनी उचलली, टिश्यूने छान पुसली आणि परत आत ठेवली. परत आत.

“ही गोळी दिसायला साधी, पण स्वभावाने फार नाजूक,” मॅडम सांगत होत्या. “इथल्या उन्हात बंद गाडीची भट्टी होते. गोळी अशी तापत राहिली की तिची ताकद उतरते. रंग बदलत नाही, वास येत नाही, काही कळत नाही. तुम्ही नेमाने घेत होतात. पण घेत होतात त्यात औषध किती उरलं होतं, कुणास ठाऊक.”

“म्हणजे मला...” आई थांबली. “म्हणजे मला वेड नाही लागलेलं?”

मी तिच्याकडे बघितलं. हे तिने आम्हाला कधी विचारलं नव्हतं.

“अजिबात नाही. पण गोळीच कारण आहे, असंही मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. दिसतंय तसं. रक्त सांगेल.”

“मग सोप्पंय!” मी उभीच राहिले. “नवी डबी आणायची, वाढवलेल्या डोसची, घरात ठेवायची. खलास.”

“इथेच गडबड होते बघ.” त्यांनी मला हाताने खाली बसवलं. “डोस वाढवला तो अर्धमेल्या गोळ्यांवर. तोच डोस ताज्या गोळीचा दिला, तर जास्त होईल. छाती धडधडेल, हात थरथरतील, झोप उडेल. मी हॉलमध्ये तुला काय विचारलं होतं? जास्त होत असेल तर कशावरून कळेल. आता कळलं?”

त्या उठून डॉक्टरांशी बोलून आल्या. मग आईला पूर्वी मानवलेला, वाढवण्याच्या आधीचा डोस लिहून दिला. गोळ्या बेडरूमच्या कपाटात ठेवायच्या, बाथरूममध्ये नाही, फ्रिजवर नाही. जुनी डबी मेडिकलवाल्याकडे परत द्यायची. सहा आठवड्यांनी रक्त. “त्याआधी तपासून उपयोग नाही. हे औषध सावकाश चढतं. मध्येच धडधडलं, छातीत दुखलं, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच यायचं. आणि एक. या सहा आठवड्यांत दुसरं काही बदलू नका. कुणी सांगितलेलं चूर्ण नको, नवं डाएट नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.”

दारापाशी त्यांनी मला थांबवलं. “तुझं उत्तर राहिलं. नाही लागला नंबर. थोडक्यात गेला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मी रोज रडायचे. मग वॉर्डात एक आजी भेटल्या, त्यांच्या औषधाचं काय बिघडलंय ते शोधताना रडायचं राहून गेलं. पुढे मास्टर्स केलं ते हट्टाने. आता नंबर लागला असता तर काय, असा विचार करायला मला फारसा वेळ नसतो.” मग हसल्या. “पैज कितीची होती?”

“शावरमा,” मी म्हणाले. माझे कान तापले होते.

बाबा हॅझर्ड लाइट लावून कुठल्या तरी कॅफेटेरियापुढे उभा होता. “काय म्हणाल्या? यल्ला, बसा बसा, मागून पोलीस येतोय.”

आईने सांगितलं. सगळं, क्रमाने, आवाज न चढवता. पुढच्या सिग्नलला बाबाने हात लांब करून खण उघडला आणि डबीला बोट लावलं. नोव्हेंबर होता, तरी डबी कोमट लागली; त्याने बोट पटकन मागे घेतलं. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

“मीच ठेवली,” बाबा म्हणाला.

“मीच घेतली,” आई म्हणाली.

“आणि मीच पुसली,” मी मागून म्हणाले.

त्यावर कुणी हसलं नाही. शारजाच्या रस्त्यावर शनिवारीसुद्धा माळ लागली होतीच. आम्ही तिच्यात शिरलो आणि थांबलो. बाबाने हँडब्रेक ओढला. “मग तिकीट... तिकीट कॅन्सल करूया ना, शोभना?”

“राहू दे तिकीट,” आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“गोळीने झोप येत असेल, प्रकाश. थंडी वाजत असेल, केस गळत असतील. पण गप्प बसायला गोळी लागत नाही.” ती समोरच्या गाडीकडे बघून बोलत होती. “मी एवढी बडबड करायचे, तर तू रस्ता बघायचास आणि हिच्या कानात बोळे. एक दिवस म्हटलं, आज बोलायचं नाही, बघू कोण विचारतंय. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग अंगात बोलायचं बळच राहिलं नाही, ते गोळीमुळे असेल. पण सुरुवात तशी झाली.”

“मला वाटलं तू झोपलीयेस,” बाबा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“तेच म्हणतेय मी.”

शेजारच्या गाडीत एक माणूस स्टीअरिंगवर पेपर पसरून भेळ की काय खात होता. पूर्वी आईने त्याला एव्हाना नाव दिलं असतं, गाव दिलं असतं. आता तिनेही बघितलं आणि मान वळवली. त्या गाडीपासून या गाडीपर्यंत हाताएवढं अंतर होतं, आणि माझ्यापासून आईच्या सीटपर्यंत त्याहून कमी. मला रडू यायला लागलं. मी रडले असते तर आईने वळून मला पाणी दिलं असतं, आणि विषय माझा झाला असता. म्हणून नाही रडले.

“मी एक ठरवलंय,” मी म्हणाले. मराठीत. दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे घालून.

“आता हे काय?” बाबाने आरशातून बघितलं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं मॅडम म्हणाल्या. गोळी आपण बदलली. आता आई साताऱ्याला गेली आणि तिथे बरी झाली, तर गोळीने झाली की साताऱ्याने, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तुम्ही दोघं म्हणाल साताऱ्याने, आणि ती तिथेच राहील. म्हणून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत आई इथेच. तिकीट पुढे ढकलायचं, कॅन्सल नाही. रिपोर्ट चांगला आल्यावरही तुला जावंसं वाटलं ना आई, तर तुझी बॅग मी भरेन. पण बरी होऊन जा. आजारी म्हणून आम्ही तुला पाठवणार नाही.”

“आणि तोपर्यंत?” आईने विचारलं.

मी गळ्यातले हेडफोन काढले, हात लांब करून खण उघडला, डबी तिच्या मांडीवर दिली आणि तिच्या जागी हेडफोन आत ढकलले. “तोपर्यंत हे इथे राहणार. वितळले तर वितळू देत. आणि सोमवारपासून तू मागे बसायचंस, माझ्याशेजारी. बाबा पुढे एकटा, ड्रायव्हरसारखा. पण त्यानेही बोलायचं.”

“हे दोन बदल झाले,” आई म्हणाली. तिने मान पूर्ण मागे वळवली होती.

“नाही. गोळी तुझ्यात बदलली. हा बदल आमच्यात आहे. आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय.”